आष्टीच्या दोन गयाबाई

जालना जिल्ह्यात मी तीन दिवस राहून आले. परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी पिशवीतली चार मोसंबी त्यांच्या हातावर ठेवली आणि विषय संपवला. मोसंबी खरोखरच गोड होती. पण मी गेले होते वेगळ्याच कामाला आणि बघून आले त्याहून वेगळं काहीतरी. ते सांगायचं तर आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं.

नोकरी पुण्यात, एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याशिवाय संगणक व्यावसायिकांच्या एका संस्थेत मी मानक समितीची समन्वयक होते, बिनपगारी. मानक म्हणजे सगळ्यांनी बसून ठरवलेला नियम: अमुक गोष्ट सगळ्यांच्या संगणकात अमुक पद्धतीनेच नोंदवायची, म्हणजे एकाचं दुसऱ्याला कळतं. आमच्या समितीचा विषय होता माणसाची ओळख. एकाच माणसाचे कागद शाळेत, दवाखान्यात, पंचायतीत असे विखुरलेले असतात. ते एकाचेच आहेत हे संगणकानं कशावरून धरायचं? मसुदा लिहिणारे विद्वान वेगळे होते. मी बैठका ठरवायची, इतिवृत्त लिहायची, देशभरातून आलेल्या सूचनांचा तक्ता करायची आणि मागे लागून मतं गोळा करायची. लग्नघरात एखादी आत्या असते, कुठल्याच विधीला तिचं नाव नसतं पण तिला विचारल्याशिवाय नारळही फुटत नाही, तशी मी. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

चार वर्षांनी मसुदा शेवटच्या मतदानाला लागला. ठरलेल्या मुदतीत ठरावीक संख्येइतकी मतं परत आली नाहीत तर सगळं काम रद्द होतं, असा आमचा नियम. बाजूनं असो वा विरोधी, मत परत आलं पाहिजे. एक मत कमी पडत होतं. ते होतं तीर्थपुरीच्या दिगंबर सोळुंके सरांचं. निवृत्त शिक्षक. खेड्यातल्या शाळेत संगणक शिकवणारा माणूस समितीवर असावा म्हणून त्यांना घेतलेलं. गेले काही महिने त्यांनी एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं आणि फोन नुसता वाजायचा. ग्रामीण भागात एक जाहीर चर्चा घ्यायची अटही राहून गेली होती. मी दोन्ही कामं एका फेरीत बसवली. चर्चा जालन्यात, आणि दुसऱ्या दिवशी तीर्थपुरीला जाऊन सरांची मतपत्रिका.

जालना

जानेवारी संपत आलेला. मला वाटलं होतं स्वच्छ थंडी असेल, पण आभाळ भरून आलं होतं आणि तिन्ही दिवस तसंच राहिलं. पाऊस नाही, ऊन नाही. बियाणांच्या कंपन्यांच्या पाट्या, सळईच्या कारखान्यांचा धूर, त्यावर ते करडं आभाळ. रिक्षावाला म्हणाला, "हे आभाळ हरभऱ्याला बेकार हाय मॅडम. अळी पडती." आमच्या गुहागरकडे ढग आले की लोक आंब्याच्या मोहोराची काळजी करतात. काळजीचं झाड तेवढं बदललं.

चर्चा एका कॉलेजच्या सभागृहात होती. दोनशे खुर्च्या आणि माणसं अकरा, त्यांत चार जण कॉलेजचेच. सोळुंके सर येतील अशी आशा होती, ते आले नाहीत. प्रोजेक्टरला जोडायची वायर कुणालाच सापडेना, तेव्हा मी फळ्यावर खडूनं लिहून सांगितलं. नाव जुळतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जुळतं, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळते, तर तो माणूस एकच धरावा. पुण्यात हा फळा इतक्यांदा बरोबर वाटला होता.

शेवटच्या रांगेतून एक तिशीतली बाई उठली. रेखा नाव. भोकरदनला एका केंद्रात माणसांची माहिती संगणकात भरण्याचं काम करते आणि सकाळच्या गाडीनं मुद्दाम आली होती.

"मॅडम, तारीख जुळती म्हणता. पण आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला तारीख कुठं माहीत असती? आम्ही एक जानेवारी टाकतो. साल अंदाजानं. दुष्काळाच्या आधी झाला का नंतर, थोरल्या भावाहून किती लहान, असं इचारून."

"सगळ्यांना एक जानेवारी?"

"ज्याला ठाऊक न्हाई त्या सगळ्यांना. निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं हाय." कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "मंग तुमचा संगणक ती तारीख जुळली असंच धरतो का?"

मी म्हणाले, हो, सध्याच्या मसुद्यात तसंच आहे, तुमची सूचना नोंदवून घेते. ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली. मी वहीत लिहिलं. तेव्हा मला अस्वस्थ व्हायला हवं होतं. मी झाले नाही. मला शाल आणि नारळ मिळाला, मग जेवण. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि येसर आमटी. भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची ही आमटी मी पहिल्यांदाच खाल्ली. नाकातोंडातून पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतली. त्या प्रवासातलं निवांतपणे जेवलेलं ते शेवटचं जेवण.

तीर्थपुरी

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. अंबडच्या पुढे टायर बसला. सगळे उतरलो. रस्त्याच्या कडेला वेचून संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या आडोशाला एक आजीबाई बसल्या होत्या, त्यांनी मला हाक मारून शेजारी बसवलं आणि ओल्या हरभऱ्याचा टहाळ पुढे केला. पहिला प्रश्न, "माहेर कोणतं तुमचं?"

पुण्यात पहिला प्रश्न असतो, कुठे नोकरी करता. दुसरा, कुठे राहता. माहेर कुणी विचारत नाही. मी गुहागर म्हटलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं, पण तासाभरानं गाडी निघताना त्यांनी दारातून मला हाक मारली ती, "ओ गुहागरकरीण, तुमची थैली राह्यली," अशी. मला गंमत वाटली.

सोळुंके सरांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, पुढे ओटा आणि पत्र्याची पडवी. मी आगाऊ निरोप ठेवला होता, पण उत्तर आलं नव्हतं. सर पडवीत बसून मफलर गुंडाळत होते. उंच, वाळलेला माणूस. मला बघून उठले, नमस्कार केला, खुर्ची दिली. त्यांच्या पत्नी, पार्वतीबाई, पाणी घेऊन आल्या. सगळं रीतसर, पण सरांनी एकदाही माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

चहा झाल्यावर मी विषय काढला. मतपत्रिकेची मुदत या आठवड्यात संपते, तुमचं एक मत राहिलं आहे.

सर म्हणाले, "मी तुम्हाला चार पानं लिहिल्ती. मसुद्यावर सूचना मागवल्त्या तवा. मिळाली का?"

"मिळाली होती. तक्त्यात घेतली होती मी."

"वाचली का, इचारलं मी."

मी हो म्हणणार होते. पण ते खरं नव्हतं. सूचनांसाठी आम्ही ठरावीक नमुना दिला होता, रकान्यांचा. सरांनी मात्र हातानं लिहिलेल्या चार पानांचे फोटो पाठवले होते, मुदत संपायला दोन दिवस उरले असताना. शेकडो सूचना आल्या होत्या. मी पहिलं पान वाचलं, ते ऱ्हस्वदीर्घाबद्दल होतं. बाकीची पानं चाळली. तक्त्यात एक ओळ घातली: जादा रकान्याची सूचना. बैठकीत ती ओळ आली आणि गेली. निर्णय लागला, पुढच्या आवृत्तीत विचार करावा. ही ओळ मला शब्दन् शब्द आठवत होती. पत्रातलं काहीच आठवत नव्हतं.

सर आत गेले आणि पत्राची प्रत घेऊन आले. त्यांनी ती पानं माझ्या मांडीवर ठेवली. "आता वाचा. जल्दी न्हाई."

मी वाचलं. दुसऱ्या पानावर त्यांनी एक जानेवारीबद्दल लिहिलं होतं, रेखानं सांगितलं तेच, जास्त सविस्तर. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की आमच्या खेड्यांत एका भावकीत एकाच नावाच्या दोन-दोन बायका असतात. बऱ्याच जणींचं नाव लग्नात बदललेलं असतं आणि बदलताना घरातलं आवडतं नावच ठेवतात. गाव त्यांना माहेरावरून ओळखतं. सेलूची ती सेलूकरीण, मंठ्याची ती मंठेकरीण. तेव्हा माहेरच्या गावाचा रकाना ठेवा आणि एक जानेवारी ही तारीख जुळणीत धरू नका. खाली उदाहरण होतं: 'माझ्या पत्नीच्या माहेरी, आष्टी येथे, गयाबाई किसन थोरात नावाच्या दोन स्त्रिया आहेत. दोघींची जन्मतारीख एकच नोंदलेली आहे. पैकी एक फिटची रुग्ण आहे. आपल्या नियमाने या दोघी एक ठरतील.'

मी पान खाली ठेवलं. आमच्या मसुद्याची चाचणी घ्यायला आम्ही काही दवाखान्यांना सांगितलं होतं. त्या चाचणीची जुळवाजुळव मीच केली होती. ज्या ठिकाणांनी होकार दिला त्यांची यादी मी कौतुकानं सगळ्यांना पाठवली होती. त्यात या भागातला एक खासगी दवाखाना होता.

"काय झालं सर?" मी विचारलं.

उत्तर पार्वतीबाईंनी दिलं, दारात उभ्या राहून. "दोघीचे कागद एक झाले ताई. गया माझी चुलत भावजय. तिच्या फिटच्या गोळ्या बंद झाल्या न् दुसरीच्या बीपीच्या सुरू. तीन महिने खाल्ल्या तिनं. मंग भाकरी करताना फिट आली, न् चुलीत गेली."

सरांनी पानं गोळा केली. मग सर म्हणाले, "मी फोन का उचलत न्हवतो, ते सांगायचं राह्यलं. मला राग आल्ता. अजून हाय. उद्या आष्टीला चला. मतपत्रिकेचं मंग बघू."

मी त्यांच्याकडेच राहिले. पार्वतीबाईंनी आग्रह करून वाढलं आणि त्या घरात माझ्याशी कुणी एक शब्दही वाकडा बोललं नाही.

आष्टी

सकाळी सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून निघाले. घनसावंगीकडून रस्ता उसाच्या पट्ट्यातून जातो. बैलगाड्या उसानं भरून एकामागे एक चालल्या होत्या आणि धुक्यात त्यांचे नुसते आवाज यायचे. एरवी मी हे सगळं वहीत टिपलं असतं. त्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे.

आष्टी मोठं गाव आहे, बाजार आहे, शेतमालाच्या गाड्या आहेत. थोरातांची आळी गावाच्या कडेला. किसनराव थोरात अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सरांना पाहून त्यांनी बाज झटकली आणि आम्हाला बसवलं. सर म्हणाले, "ह्या पुण्याच्या मॅडम. त्या संगणकाच्या कामातल्या." बास, एवढंच.

गयाबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. साठीच्या असतील, कदाचित कमी. डावा हात कोपरात वाकलेला तो तसाच राहिलेला. बोटांची कातडी ओढून एकमेकांना चिकटलेली. जबड्याच्या एका बाजूला गुलाबी, चकचकीत डाग, त्यानं ओठ खाली ओढला गेलेला. पदर त्यांनी त्याच बाजूनं घेतला होता. आत चुलीपाशी दुसरी एक बाई भाकऱ्या थापत होती.

"ही आमची सेलूकरीण," गयाबाई म्हणाल्या. "हिचं न् माझं नाव एकच. हिचा मालकबी किसनच, भावकीतला."

मला वाटलं होतं या दोघींत वैर असेल. सेलूकरीणबाई हात न थांबवता बोलल्या, "माझ्या गोळ्या हिला गेल्या. मला काईच झालं न्हाई, मला माझ्याबी भेटत राह्यल्या. दवाखान्यात म्हणलं कागद जास्त का हायेत, तर म्हणले संगणकानं दिलेत." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "भाकर म्हणजे दोन हाताचं काम. मंग मी येते सकाळ-संध्याकाळ."

मी किसनरावांना विचारलं, गोळ्या बदलल्या तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही का. विचारल्यावर लाज वाटली.

"गोळी बदलतच असती मॅडम," ते म्हणाले. "कधी लाल देतात, कधी पांढरी. डॉक्टरचंबी काय चुकलं? त्यानं पडद्यावर पाहून दिलं. पडद्यावर नाव बराबर होतं, गाव बराबर होतं, तारीख बराबर होती. ताजी चिठ्ठी वर, जुनी खाली. खाली कोण पाहतं?"

"माझ्यासमोर हिनं दोनदा इचारलं," सेलूकरीण म्हणाल्या, "माझी झोपेची सुस्ती का गेली म्हणून. फिटच्या गोळीनं सुस्ती येती ना. ही खूश होती. म्हणायची, आता गुंगी न्हाई, कामं झटझट होतात."

आता बोललं पाहिजे हे मला कळत होतं. चार वर्षं मी बैठकांत बोलत आले, पण त्या पडवीत ती भाषा चालणारी नव्हती. शेवटी साधं सांगितलं. "कागद कसे जुळवायचे हा नियम आम्ही लिहिला. तो चुकीचा आहे हे सरांनी आधीच लिहून पाठवलं होतं. तुमच्या दोघींची नावं त्यात होती. ते पत्र माझ्याकडे आलं होतं. मी ते पूर्ण वाचलं नाही."

किसनरावांचे हात थांबले. ते माझ्याकडे नाही, सरांकडे बघत होते. "तुम्हाला ठाऊक होतं?"

सरांनी मफलर सोडला आणि पुन्हा बांधला. "ठाऊक न्हवतं किसनराव. भीती होती."

"मंग येऊन सांगायचं होतं. पुण्याला लिहिलं, आष्टीला न्हाई सांगितलं."

सरांनी पुढ्यातल्या चार शेंगा उचलून सोलायला घेतल्या. मला वाटतं, त्या क्षणी मला कळलं की त्यांनी फोन का उचलला नव्हता. राग नुसता माझ्यावर नव्हता.

गयाबाई एवढा वेळ ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "मंग आता माझं नाव बदलावं लागतं का?"

"नाही. तुमचं नाव का बदलायचं?"

"न्हाई म्हणलं, दोन सारखे झाले म्हणून. लग्नात एकदा बदललं. मी चंद्रकला होते. सासूबाईला म्हणता येईना, म्हणून गया केलं. तवा मला कोणी इचारलं न्हाई." ओढलेल्या ओठामुळे त्यांचे शब्द थोडे सैल पडत होते. "आता बदलायचं असलं तर इचारून बदला, एवढंच."

मी म्हणाले, कुणी बदलणार नाही. हे आश्वासन द्यायचा मला काय अधिकार होता, कोण जाणे.

जेवल्याशिवाय निघू देईनात. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि सेलूकरीणबाईंच्या हातची भाकरी. गयाबाईंना त्यांनी भाकरी कुस्करून दिली. सरांचं पत्र मी अर्धवट टाकलं होतं; पानातलं काही टाकलं नाही, सगळं संपवलं. निघताना किसनरावांनी मोसंबीची पिशवी सरांच्या गाडीला अडकवली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "पाव्हण्याला रिकामं पाठवत न्हाईत," आणि घरात निघून गेले. निरोपाला थांबले नाहीत.

पुन्हा तीर्थपुरी

येताना सरांनी कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली. पाणी काळपट, संथ चाललं होतं.

"मी मत दिलं न्हाई तर काय होतं?"

"मतं कमी पडतात. मसुदा रद्द होतो. समिती संपते."

"न् विरोधात दिलं तर?"

"तुमचं मत धरून संख्या पूर्ण होते. बाकीची बाजूनं आहेत. मंजूर होतो."

सर कडवट हसले. "म्हणजे मी न्हाई म्हणलं का तुमचं हो होतं." थोड्या वेळानं विचारलं, "मंग काय करू, तुम्ही सांगा."

"मी समन्वयक आहे. मला सांगता येत नाही."

"मंग समन्वयक म्हणून नका सांगू."

मी म्हटलं, घरी चला. तीर्थपुरीला पोचल्यावर त्यांच्या पडवीतूनच समितीच्या अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष बंगळुरूला असतात, मूळचे नागपूरचे. सज्जन माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, गयाबाईंची चौकशी केली, फार वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, "अनघाताई, त्यांना विरोधी मत द्यायला सांगा. कारणं लिहू द्या. आपण मंजुरीनंतर दुरुस्ती आणू. मत परत येणं महत्त्वाचं आहे."

"दुरुस्तीला किती काळ लागेल?"

"दीड-दोन वर्षं. तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. ते वेळापत्रक मीच केलं होतं. तोवर मंजूर झालेलं मानक चाचणीच्या दवाखान्यांतून सगळीकडे जाणार होतं.

मी विचारलं, "सूचनांचा तक्ताच चुकीचा होता असं समन्वयकानं लेखी दिलं तर?"

अध्यक्ष म्हणाले, "तर मतदान थांबवावं लागेल. मुदत उलटेल आणि काम रद्द होईल. चार वर्षांचं आहे. पंधरा माणसांचं. तुमचंही आहे." आणि मग, खरंच काळजीनं, "तुम्ही आज दमलेल्या आहात. पुण्याला या, मग ठरवा."

मी फोन ठेवला. पुण्याला गेले तर मी ठरवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथे माझं टेबल आहे, तक्ते आहेत, सगळे मला चांगली म्हणतात. मी सरांकडे कागद मागितला. पार्वतीबाईंनी ओट्यावर पाट ठेवला, त्यावर कागद धरून लिहिलं. सूचना माझ्याकडे मुदतीत आली. मी ती पूर्ण वाचली नाही. समितीपुढे जे ठेवलं ते त्या सूचनेचं सार नव्हतं. म्हणून समितीचा त्यावरचा निर्णय ग्राह्य धरू नये. खाली सही केली, फोटो काढला आणि अध्यक्षांना पाठवला. सरांनी कागद वाचला. "हे बराबर लिहिलं," एवढंच म्हणाले. मतपत्रिका कोरी माझ्या पिशवीत परत आली.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

परतल्यावर

पुढचं थोडक्यात सांगते. मतदान थांबलं, मुदत गेली, समिती विसर्जित झाली. मला आभाराचं पत्र आलं आणि त्यात पुढच्या समितीत काम करण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मसुद्यावर चार वर्षं रविवार घालवलेले एक प्राध्यापक होते, माझे मित्र. निवृत्तीआधी हे एक मानक नावावर असावं एवढीच त्यांची इच्छा होती. ते आता माझा फोन घेत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

चाचणी कागदोपत्री बंद झाली. पण ज्यांनी आमच्या मसुद्यावरून दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं त्यांनी ते तोवर आणखी ठिकाणी बसवलं होतं, आणि रद्द झालेला मसुदा वापरू नका असं सांगायला आता कुणी समितीच उरली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मंजूर झाला असता तर निदान दुरुस्ती तरी करता आली असती, असं अध्यक्षांनी मला एकदा लिहिलं. ते खरं असेल. मी रोज त्याचा विचार करते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

आष्टीच्या दोघींचे कागद त्या दवाखान्यानं वेगळे केले, हातानं, सर जाऊन बसले म्हणून. सरांनी विचारलं, बाकीच्यांचं काय. ते म्हणाले, कोण-कोण एक झालंय ते तुम्ही दाखवा, आम्ही सोडवून देतो. गयाबाईंचा हात मात्र सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हापासून सर मोटारसायकलवर गावं फिरतात. एका नावाच्या, एका तारखेच्या बायका शोधतात, त्यांची माहेरं विचारतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते लिहून घेतात. भोकरदनकडची गावं रेखा करते. दर रविवारी पानांचे फोटो येतात आणि मी ते टाइप करून त्यांना परत पाठवते, म्हणजे सर ते घेऊन दवाखान्यात जातात. याला संस्था नाही, मुदत नाही. आम्ही तिघं किती गावं करणार, हा प्रश्न एकमेकांना विचारत नाही.

मागच्या रविवारी आलेल्या पानावर एका नावापुढे सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ही बाई गेल्या महिन्यात वारली. कशाने, ते घरच्यांना सांगता आलं नाही.'

मी फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"सर, या बाईंचं नाव यादीत ठेवायचं का काढायचं?"

मागून रस्त्याचा आवाज येत होता, कुठल्यातरी गावात थांबले असावेत.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिच्या नावाची दुसरी हाय ना गावात. ती जित्ती हाय."